पगार थकलाय, तरी शॉट पुरे करायचे?

प्रश्न : ताई, मी मालाडच्या एका व्हीएफएक्स (सिनेमातल्या संगणकी दृश्यांच्या) स्टुडिओत रोटो करतो, म्हणजे शॉटमधली माणसं-वस्तू फ्रेममागून फ्रेम कडा आखून वेगळी काढतो. दोन महिन्यांचा पगार थकलाय. ‘परदेशी क्लायंटचं बिल निघालं की देतो, एवढी डिलिव्हरी जाऊ द्या,’ असं सांगतात. रोज रात्रीचे अकरा वाजतात. सोडलं तर थकलेले पैसे बुडतील का? – एक वाचक, विरार

उत्तर : नाही. राजीनामा दिला म्हणून केलेल्या कामाच्या पगारावरचा हक्क जात नाही. ‘एवढी डिलिव्हरी’ वाचून मात्र जीव तुटला. मी कॉम्पमध्ये, म्हणजे वेगवेगळे तुकडे जोडून शॉट पुरा करण्याच्या कामात, बरीच वर्षं काढली आहेत. एक डिलिव्हरी जाते, तोवर दुसरी दारात उभी असते.

स्टुडिओ बहुतेकदा ठरलेल्या रकमेवर काम घेतात. दिग्दर्शकाने शॉट दहादा बदलला तरी रक्कम सहसा वाढत नाही. वाढलेले दिवस तुमच्यासारख्यांच्या रात्रींतून वसूल होतात आणि रोटोवाले या साखळीत सगळ्यात खाली. फेब्रुवारी 2013 मध्ये लॉस एंजेलिसच्या ‘ऱ्हिदम अँड ह्यूज’ या व्हीएफएक्स स्टुडिओने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच महिन्यात ‘लाइफ ऑफ पाय’च्या व्हीएफएक्ससाठी तिथल्या कलाकारांना ऑस्कर मिळालं! फेब्रुवारी 2025 मध्ये ‘टेक्निकलर’ ही व्हीएफएक्स कंपनी कोसळली, तेव्हा बंगळुरू आणि मुंबईतल्या आपल्या हजारो मुलांच्या नोकऱ्या गेल्या. स्टुडिओच्या नावावर किंवा सिनेमाच्या आकारावर पगाराचा भरवसा ठेवू नका.

आधी नेमणूकपत्र काढा. त्यात ‘कर्मचारी’ आहे की ‘कन्सल्टंट’? आपल्याकडे पुष्कळ मुलांना कन्सल्टंट दाखवून पीएफ टाळतात, हे मला फार सलतं. तसं असेल तर आधी वकिलाला कागद दाखवा. कर्मचारी असाल, तर वेतन संहितेप्रमाणे महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत मिळायला हवा आणि राजीनाम्यानंतर थकलेला पगार कामाच्या दोन दिवसांत. एचआरला ईमेल करून पगाराची तारीख लेखी मागा. ती टळली, तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात तक्रार द्या. चार-पाच जणांनी मिळून दिलीत तर उत्तमच. पीएफचं पासबुकही आजच उघडून पाहा; पगारातून कापलेले पैसे भरलेच नाहीत, असंही घडतं. दुसरी नोकरी शोधायला आत्ताच लागा, त्यात बेइमानी काही नाही.

आणि कृपा करून, रागाच्या भरात क्लायंटचे शॉट पेनड्राइव्हवर घेऊ नका. गोपनीयतेच्या करारावर तुमची सही असते, प्रकरण तुमच्यावरच उलटेल. शॉट क्रमांक, तारखा आणि जादा थांबून काम केलेले तास वहीत लिहा. हजेरीचे ईमेल, पगाराच्या स्लिपा आणि बँकेचं स्टेटमेंट जपून ठेवा.