सेसना की तिकीट? आधी हा हिशोब करा
प्रवासाला विमान कंपनीचं तिकीट काढण्यापेक्षा स्वतःचं छोटं विमान परवडेल का, याचा हिशोब विमान घेण्याआधीच मांडताय, हे उत्तम. नवखे फक्त इंधन धरतात, तिथेच गणित फसतं. सेसना १७२ हे चार सीटचं, एका इंजिनाचं छोटं विमान ताशी साधारण ९ गॅलन इंधन पितं, वेग ११० नॉट, म्हणजे ताशी ११० नॉटिकल मैल (सुमारे २०० किमी). समजा ३०० नॉटिकल मैल जायचंय, तर एका बाजूला पावणेतीन तास. जाऊन-येऊन ५० गॅलन. गॅलनला ६ डॉलर धरले तर ३०० डॉलर झाले.

यात घाला:
- इंजिन ओव्हरहॉल, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून नव्याने जुळवणं, २,००० तासांनी. खर्च ४०,००० डॉलर धरला तर ताशी २० डॉलर पहिल्या दिवसापासून बाजूला टाका.
- हँगर (विमान ठेवायच्या शेडचं भाडं), विमा, वार्षिक तपासणी. विमान उडो न उडो, हे द्यावंच लागतं. १०० ऐवजी ५० तास उडालात तर ताशी दुप्पट बोजा.

चार सीट म्हणून खर्च चाराने भागू नका. टाक्या भरल्यावर चार मोठी माणसं वजनात बसत नाहीत. आधी वर्षभर फ्लाइंग क्लबचं विमान भाड्याने उडवा, तास नोंदवा. तुमचा खरा आकडा त्यातूनच निघेल.