संशोधनात नव्याने उतरणाऱ्या डॉक्टरांना

रुग्णसेवा सांभाळून संशोधन करायचं ठरवलंत, याचा मनापासून आनंद झाला. सुरुवातीला एवढंच बघा:

१. मार्गदर्शक निवडताना नावापेक्षा वेळ बघा. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना गाठून विचारा: मसुदा तपासून किती दिवसांत परत येतो? पेपरवर पहिलं नाव कुणाचं लागतं? लेखकांचा क्रम तर पहिल्याच बैठकीत बोलून घ्या. संकोच वाटेल, पण काम संपल्यावर हा विषय काढला की संबंध बिघडतात.

२. कोणते रुग्ण, कोणता उपचार, कशाशी तुलना, काय मोजणार, हे एका वाक्यात मावेपर्यंत डेटाला हात लावू नका. बहुतेक नवखे आधी डेटा जमवतात आणि मग त्यात प्रश्न शोधत बसतात.

३. संख्याशास्त्रज्ञाला आत्ताच भेटा. किती रुग्ण लागतील, हे आधी ठरवायचं असतं.

४. एथिक्स कमिटीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) मंजुरी आणि ट्रायलची, म्हणजे रुग्णांवरच्या उपचार-चाचणीची, नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधीच. नोंदणी नसेल तर २००५पासून अनेक प्रमुख वैद्यकीय नियतकालिकं ट्रायलचा पेपर स्वीकारत नाहीत.

ग्रँट (संशोधनासाठीचा निधी), मेटा-अ‍ॅनालिसिस (अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून केलेलं विश्लेषण) वगैरे पुढे बघू. आधी विभागप्रमुखांकडून आठवड्यातला अर्धा दिवस संशोधनासाठी मागून घ्या, आणि तोही लेखी.