फुकटची डेटिंग साइट आणि ‘कळेल’ची भीती

“मॅडम, पैसे न घेणारी आणि माहिती न फोडणारी एखादी डेटिंग साइट सांगा.” पस्तिशी ओलांडलेले, घटस्फोटित किंवा जोडीदार गमावलेले लोक हल्ली हा प्रश्न सर्रास विचारतात. नाव मी सांगत नाही, कारण ॲपची धोरणं कपडे बदलावेत तशी बदलतात. पण समुपदेशनात या प्रश्नावर आम्ही कसं काम करतो, ते एका केसवरून सांगता येईल. तिच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते आहे.

छत्तिशीची बाई, मूळची सांगलीकडची, पुण्यात बँकेत अधिकारी. पाच वर्षांचा संसार मोडलेला. तिची भीती अगदी नेमकी होती: प्रोफाइल कुणी ओळखीच्याने पाहिलं तर? “शाखेत कळलं ना, तर मॅनेजरपासून शिपायापर्यंत सगळे चघळतील. आणि सांगलीला कळलं तर आईचं हळदीकुंकवाला जाणं बंद.”

मी विचारलं, लग्नासाठी बायोडेटा केलाय का? फोनमध्ये होताच. वर ‘श्री गणेशाय नमः’, खाली जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मठिकाण, रास, देवक, पगार, सोसायटीचं नाव फ्लॅट नंबरासह, वडिलांचा मोबाइल आणि मामांची नावं-गावं. मावशीने तो समाजाच्या वधू-वर व्हॉट्सॲप ग्रुपांवर टाकलेला. किती ग्रुपांवर? तिला ठाऊक नव्हतं, मावशीलाही नसावं. वाचता वाचता ती थांबली. “मॅडम, जन्मतारीख आणि आईचं माहेरचं आडनाव... हे तर फोनवर ग्राहकाची ओळख पटवायला विचारतात!” आणि हसायलाच लागली.

या कामात मला वारंवार दिसतं ते हेच. ‘कुणाला कळेल’ या एका भीतीत दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक, ओळखीच्यांना कळणं. दुसरी, कंपनीला आणि तिच्यामार्फत भलत्यांना कळणं. पहिलीने झोप उडते, दुसरीचा विचारही होत नाही. आणि दोन्हींवरचा उतारा सारखा नाही, कधी तर उलटा असतो. टिंडर या डेटिंग ॲपवर ओळखीच्यांपासून लपायची सोय आहे, पण त्यासाठी त्यांचे नंबर ॲपला द्यावे लागतात. म्हणजे शाखेतल्या सहकाऱ्यापासून लपायचं, तर त्याचा नंबर कंपनीच्या हवाली करायचा. आम्ही तोडगा काढला: सगळी फोनबुक उघडी करायची नाही, पाच-सहा नंबर हाताने टाकायचे.

दुसऱ्या भीतीला आधार आहे. ॲशली मॅडिसन ही विवाहबाह्य संबंधांसाठीची साइट १९ डॉलर घेऊन खातं पूर्ण पुसून द्यायची. २०१५ मध्ये ती हॅक झाली, तेव्हा पैसे भरून ‘पुसलेल्यां’चीही माहिती बाहेर आली. ग्राइंडर या मुख्यतः समलिंगी पुरुषांच्या डेटिंग ॲपकडून वापरणाऱ्यांची एचआयव्हीबद्दलची नोंद बाहेरच्या दोन कंपन्यांकडे जात असल्याचं २०१८ मध्ये उघड झालं. पुढे २०२१ मध्ये, योग्य संमतीशिवाय जाहिरात कंपन्यांना माहिती दिल्याबद्दल नॉर्वेच्या नियामकाने तिला ६.५ कोटी क्रोनर दंड केला. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने २०२४ मध्ये २५ डेटिंग ॲप तपासली आणि २२ जणांवर सावधानतेचा शिक्का मारला. त्यामुळे ‘पैसे भरले की माहिती सुरक्षित’ हे गणित चुकीचं आहे. उलट टिंडर आणि बंबलवर प्रोफाइल सरसकट न दिसण्याची इन्कॉग्निटो सोय पैसे भरणाऱ्यांनाच मिळते. म्हणजे आडोसा हीच विकायची वस्तू. माझं मत विचाराल तर, फुकट वापरा, पण थोडंच द्या.

एक भाबडी समजूतही असते: एक ॲप पटलं नाही, म्हणून दुसऱ्यावर गेलो की मोकळे. टिंडर, हिंज आणि ओकेक्युपिड एकाच मॅच ग्रुप या कंपनीच्या मालकीची आहेत, एवढं सांगितलं तरी चेहरे पडतात.

फोटोंवर मात्र आमचं एक अख्खं सत्र गेलं. तिने निवडलेला फोटो व्हॉट्सॲपच्या डीपीचाच होता. तिच्यासमोर तो गुगल लेन्समध्ये टाकला. तोच फोटो असलेलं तिचं लिंक्डइनचं पान वर आलं, पूर्ण नाव आणि बँकेसकट. दुसऱ्या फोटोत ती स्कूटरला टेकून उभी, सांगलीची, एमएच १० ची पाटी स्पष्ट वाचता येणारी. तिसरा सोसायटीच्या गेटसमोरचा. आम्ही नवे फोटो ठरवले, कुठेही न टाकलेले, मागे झाडं किंवा कोरी भिंत. प्रोफाइलवर फक्त पहिलं नाव, ‘पुणे’ आणि ‘वित्त क्षेत्रात नोकरी’. वेगळा ईमेल. लोकेशन ‘अंदाजे’वर, कारण २०२४ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी तपासलेल्या १५ ॲपपैकी ६ मध्ये माणसाचा जवळजवळ नेमका ठावठिकाणा काढता येत होता. ती पोकळी नंतर बुजवली गेली, पण बुजवेपर्यंत होतीच ना.

मग साइट निवडायची कशी? खातं काढण्याआधी तिला तीन गोष्टी बघायला सांगितल्या. खातं कायमचं मिटवायचं बटण सेटिंगमध्ये सापडतं का, की नुसतं ‘लपवा’ आहे? प्रायव्हसी पॉलिसीत माहिती जाहिरातींसाठी कुणाला देतात ते लिहिलंय का? आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क दिलाय का? भारतात २०२१ च्या आयटी नियमांनुसार तो द्यावाच लागतो. तिने निवडलेल्या दोन फुकट साइटींपैकी एकीवर तो सापडेना. ती यादीतून गेली.

तिची एक मागणी रास्त होती, पण अडचणीची. समोरच्याची पक्की पडताळणी हवी, स्वतःचं मात्र काही द्यायला नको. यात घासाघीस करावी लागते. सेल्फी पडताळणीला आम्ही हो म्हटलं, आधारच्या फोटोला नाही. अमेरिकेतलं ‘टी’ हे ॲप खास स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठी निघालेलं. त्यावरच्या स्त्रियांच्या सेल्फी आणि ओळखपत्रांचे सुमारे १३,००० फोटो जुलै २०२५ मध्ये फुटले. कुठे द्यावंच लागलं तर आधार देणाऱ्या यूआयडीएआयचं मास्क्ड आधार द्यावं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि कुणी फोटोवरून धमकावलं तर पैसे द्यायचे नाहीत, चॅट पुसायचं नाही, केंद्राच्या सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार करायची. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

तिने एक ॲप घेतलं. दुसऱ्याच दिवशी एकाने व्हॉट्सॲप नंबर मागितला. “इथेच बोलू” म्हटल्यावर तो गायब झाला. तिला जरा वाईट वाटलं, मला नाही. एकाला भेटली, दुपारी, डेक्कनवरच्या गजबजलेल्या कॉफीच्या दुकानात, मैत्रिणीला सांगून. पुढे काही जमलं नाही. मग तिने ॲप फोनवरून काढण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन खातं मिटवलं. नुसतं अनइन्स्टॉल करून खातं मिटत नाही, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. तरीही ईमेल येत राहिले, तेव्हा तक्रार अधिकाऱ्याला लिहिलं आणि मग थांबले.

आता ती दुसऱ्या ॲपवर आहे. तिथे तिने एक गोष्ट आपणहून उघड लिहिली आहे: ‘घटस्फोटित, पाच वर्षांचा संसार.’ मावशीच्या बायोडेटात त्या जागी ‘नाममात्र घटस्फोटित’, म्हणजे लग्न नावापुरतंच झालेलं, असं होतं, तिला न विचारता घातलेलं. तो बायोडेटाही बदलला. फ्लॅट नंबर, पगार, मामांची नावं आणि जन्मवेळ काढून टाकली. बाकीचं मावशीने निमूट ऐकलं, पण जन्मवेळ गेल्यावरून ती अजून रुसलेली आहे. “पत्रिका कशी जुळवायची मग?”