मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल टीममधून शनिवारी कोण उतरणार, हे आधी कसं शोधायचं?

रोस्टर (टीममधल्या सगळ्यांची यादी) म्हणजे लाइनअप (प्रत्यक्ष उतरणारे खेळाडू) नव्हे; नवख्यांचं घोडं तिथंच अडतं. रोस्टरवर शंभराहून जास्त नावं, मैदानात एका वेळी ११. कोण कुठल्या जागेवर पहिला, कोण राखीव, हे डेप्थ चार्टमध्ये असतं. पण तोही डोळे झाकून मानू नका. दोन नावांमध्ये 'ऑर' (म्हणजे 'किंवा') दिसलं की समजायचं, कोचने मूठ झाकलेली ठेवलीय.

माझा भरवसा मागच्या सामन्यांच्या अधिकृत बॉक्स स्कोअरवर, म्हणजे सामन्याच्या आकडेवारीच्या तक्त्यावर. सुरुवातीला कोण उतरलं याची यादी त्यात मिळते. तीन सामन्यांच्या याद्या शेजारी ठेवून बघा, कोणाची जागा पक्की आहे ते लगेच कळतं.

दुखापतींचं म्हणाल तर बिग टेन (मिशिगन ज्यात खेळतं ती कॉलेजांची लीग) २०२३ पासून सामन्याच्या दोन तास आधी उपलब्धतेचा अहवाल देते. तिकडे दुपारी १२ चा सामना असेल तर अहवाल येतो तेव्हा भारतात संध्याकाळचे साडेसात. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेआठ.

आणि हो, जर्सीच्या नंबरावरून नाव ठरवू नका. कॉलेज फुटबॉलमध्ये एकच नंबर दोघांना असू शकतो, एक आक्रमणात, दुसरा बचावात. मी यात एकदा चांगलाच फसलोय.