पाय जागे ठेवायचे म्हणजे काय?

प्रश्न : माझी लेक वैमानिकाचं प्रशिक्षण घेते आहे. गेल्या महिन्यात एकटीने उड्डाण करताना तिचं सेसना १७२ चाकं टेकल्यावर डावीकडे वळलं आणि रनवे सोडून गवतात जाऊन थांबलं. तिला खरचटलंसुद्धा नाही, पण ती धास्तावली आहे. इन्स्ट्रक्टर एवढंच म्हणाले, ‘पाय झोपले होते.’ विमान जमिनीला टेकलं की धोका संपतो ना? तिला थांबवावं का?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, थांबवू नका.

पाय झोपले म्हणजे काय, ते आधी सांगतो. रनवेवर धावणारं विमान सरळ ठेवायचं काम पायांचं असतं. पेडल दाबलं की शेपटीचं रडर, म्हणजे तिथली उभी झडप, हलतं, नाकाचं चाकही वळतं. वारा आडवा असेल तर शेपटीच्या उभ्या पंखावर तो आदळतो आणि नाक वाऱ्याकडे वळायला बघतं. तुमच्या लेकीला त्या दिवशी वारा डावीकडून असावा, असा माझा अंदाज आहे. वेग कमी होतो तसा रडरचा जोर ओसरतो, वारा मात्र तेवढाच राहतो. म्हणजे टेकल्यावर पायांचं काम वाढतं, आणि नेमकं तेव्हाच शिकाऊ माणूस ‘उतरलो बुवा’ म्हणून सैलावतो.

मीही सैलावलो होतो. मी शिकलो पुष्पकवर. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने बनवलेलं हे दोन सीटांचं, ९० अश्वशक्तीचं विमान १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालं. त्याचं तिसरं चाक नाकाखाली नाही, शेपटीखाली. अशा विमानाचा भार मुख्य चाकांच्या मागे पडतो. भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरने मागे ढकलताना जरा वाकडी झाली की आणखी वाकडी होत जाते ना, तसंच हे. त्या दिवशी टेकणं अगदी मऊ झालं आणि मी खुशीत विंडसॉककडे, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे बघितलं. तेवढ्यात नाक डावीकडे सरकलं. मी उजवं पेडल उशिरा दाबलं आणि दाबूनच ठेवलं. विमान उजवीकडे गेलं. मग डावं पेडल. तिसऱ्या झोक्याला ते डावीकडे गर्रकन फिरलं आणि उजव्या पंखाचं टोक मुरमात घासलं. याला ग्राउंड लूप म्हणतात.

माझे इन्स्ट्रक्टर रागावले नाहीत. मला चाकांच्या खुणांवरून उलटं चालवत नेलं. शेवटचं वळण खाटेएवढं होतं, त्याआधीचं त्याहून लहान, आणि पहिलं जेमतेम वीतभर. तिथे बोट ठेवून ते म्हणाले, ‘पाय इथे हलायला हवा होता. आणि हलून लगेच परत यायला हवा होता.’

सेसना १७२ चा भार मुख्य चाकांच्या पुढे असतो, त्यामुळे ते आपणहून सरळ व्हायला बघतं. पण विमान तिरकं टेकवलं, किंवा वेग जास्त असताना हातातलं योक (विमानाचं स्टिअरिंग) पुढे ढकलून नाकाच्या चाकावर भार दिला, तर तेही त्या चाकाभोवती गिरकी घेतं. घाबरून एकाच पायाने ब्रेक दाबला तरी तेच.

लेकीला विचारा : टेकल्यानंतर एलेरॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, वाऱ्याच्या बाजूला वळवलेले होते का, आणि वेग उतरेल तसे आणखी वळवत नेले का? नजर रनवेच्या टोकाला होती की चाकांपुढे? उतरण्याआधी आडव्या वाऱ्याचा हिशेब केला होता का? १५ नॉट (तासाला १५ सागरी मैल) वारा रनवेला ३० अंशांत असेल तर आडवा भाग साडेसात नॉट भरतो. हे तोंडपाठ हवं.

इन्स्ट्रक्टरांनाही एक विचारा. त्यांचं निदान बरोबर असेल, पण ते एवढ्यावर सोडून चालणार नाही. तिला एकटीला सोडण्याआधी आडव्या वाऱ्यात किती लँडिंग करून घेतली होती? आता पुन्हा शेजारी बसून, वारा असलेल्या दुपारी, दहा-बारा तरी करून घ्या म्हणावं. आणि त्या विमानाचा प्रॉपेलर जमिनीला लागला असेल तर इंजिन उघडून तपासल्याशिवाय ते उडता कामा नये. नाकाच्या चाकामागचा फायरवॉलचा, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीचा, पत्राही सुरकुतलेला नाही ना, ते पाहायला हवं. हे तिनेच विचारावं. उद्या त्या विमानात तीच बसणार आहे.