वेगळ्या गरजा असलेल्या मुलाला नेहमीच्या वर्गात प्रवेश दिला, की समावेशन झालं का?

नाही. पटावर नाव आलं म्हणजे मूल वर्गात सामावलं असं होत नाही. मुलांच्या गरजांप्रमाणे शाळेनं बदलायचं, हा विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाबद्दलच्या १९९४च्या आंतरराष्ट्रीय सालामांका जाहीरनाम्याचा गाभा. संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या अपंग हक्क कराराच्या कलम २४नंही ही जबाबदारी सरकारांवर टाकली.

वर्गात मात्र गोष्टी बारीक असतात. ओठ वाचून समजून घेणारी मुलगी पुढच्या बाकावर असते आणि शिक्षक फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता बोलत राहतात. तेवढं सगळं तिचं बुडतं. आधी लिहा, मग वळून बोला. रॅम्प, श्रवणयंत्रं हवीतच, पण ही सवय आजपासून लावता येते.

घरची भाषा वेगळी असलेल्या मुलाला 'कच्चा' ठरवण्याची घाई मला फार खुपते. त्याला आधी स्वतःच्या भाषेत उत्तर देऊ द्या.