वाचकांचे प्रश्न : वखार इथेच का? मुलांना जुन्या वसाहतींचा भूगोल शिकवताना

युरोपीय वखारी आणि वसाहतींचा धडा सुरू झाला की आमच्याकडे शिक्षक-पालकांची पत्रं वाढतात. या अंकात त्यांपैकी काही पत्रांना उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मुलांना सुरत, मुंबई, मद्रास, कलकत्ता ही नावं आणि सनावळी पाठ होतात. पण "इंग्रजांनी आधी सुरतच का गाठली?" असं विचारलं की सगळा वर्ग गप्प होतो. सुरुवात कुठून करावी? (शिक्षिका, गडहिंग्लज)

बाई, पहिले दोन तास सन पूर्ण बाजूला ठेवा. भारताचा कोरा नकाशा द्या आणि प्रत्येक बंदराला चारच प्रश्न विचारायला लावा. मोठं जहाज इथे उभं राहील का? माल कुठून आणि कोणत्या वाटेने येणार? इथे राज्य कोणाचं, आणि ते परवानगी देईल का? शेजारी आधीपासून कोण बसलंय? प्रत्येक प्रश्नाला 0, 1 किंवा 2 गुण द्यायचे. मुलं गुणांवरून भांडू लागली की धडा सुरू झाला म्हणून समजा.

सुरतेला मालाचे पूर्ण 2 गुण मिळतील. गुजरातचं सुती कापड आणि सरखेजची नीळ जवळच होती, आणि तापीच्या खोऱ्यातून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्यापर्यंत व्यापारी वाट होती. जहाजाला मात्र 1 गुण, कारण तापीचं मुख गाळाने उथळ आहे. मोठी जहाजं बाहेर सुवाळीला नांगरत आणि तिथून माल लहान होड्यांनी किंवा गाड्यांनी शहरात जाई. परवानगीचा प्रश्न सर्वांत रंगतो. विल्यम हॉकिन्स 1608 मध्ये सुरतेला उतरला, जहांगीराच्या दरबारातही गेला, पण पोर्तुगीजांच्या विरोधामुळे हात हलवत परतला. 1612 मध्ये सुवाळीजवळ इंग्रज जहाजांनी पोर्तुगीजांना तोंड दिलं आणि 1613 मध्ये कायमची वखार झाली. म्हणजे चौथ्या प्रश्नाचं उत्तर बदललं तेव्हा तिसऱ्याचं बदललं.

मुंबईचे गुण अगदी उलटे पडतात. बंदर उत्तम, पण मागे सह्याद्री, त्यामुळे मालाची वाट अवघड. तिथे परवानगी मागावीच लागली नाही. 1661 च्या विवाहकरारात पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या राजाला दिली, 1665 मध्ये ताबा मिळाला आणि 1668 मध्ये राजाने वर्षाला 10 पौंड भाड्याने ती ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवली. 1687 मध्ये कंपनीने पश्चिमेकडचं मुख्य ठाणंच सुरतेहून मुंबईला हलवलं. मद्रास जरूर घ्या, कारण तिथे नैसर्गिक बंदर नव्हतंच. उसळत्या लाटांतून माणसं आणि माल मसुला होड्यांनी किनाऱ्याला आणावा लागे. तरीही 1639 मध्ये स्थानिक नायकाने जागा दिली आणि आसपास कापड स्वस्त होतं, म्हणून वसाहत तिथेच झाली. एका प्रश्नाला शून्य पडूनही जागा निवडली जाते, हे मुलांना इथे कळतं.

"समुद्र जवळ होता म्हणून" हे उत्तर हमखास येतं. त्यावर लगेच विचारा, मग देवगड का नाही? अख्खी कोकणपट्टी समुद्राला लागूनच आहे.

मुंबई दाखवताना आजची किनाररेषा वापरू नका. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम ही सात बेटं बटर पेपरवर काढून आजच्या नकाशावर ठेवा. मधली भर पुढच्या दोन शतकांतली आहे.

प्रश्न : मुलाला किनाऱ्याचा उठावाचा नकाशा करायचा आहे. मागच्या वर्षी मीठ-मैद्याचा केला होता, तो जुलैत वाळलाच नाही, वर बुरशी आली. काय वापरावं, किती वापरावं? (पालक, राजारामपुरी)

मीठ हवेतली ओल ओढतं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात मीठ-मैद्याचा गोळा वरून सुकल्यासारखा दिसतो आणि आत ओलाच राहतो. शाडू इथे सहज मिळतो, पण पातळ थर दिला तर वाळताना तडकतो आणि जाड दिला तर नकाशा उचलवत नाही. खोक्याचा पुठ्ठा आणि वर कागदाचा लगदा हेच या हवेत टिकतं.

पाट म्हणून 6 मिलिमीटर जाडीचं प्लाय घ्या, 75 सेंटिमीटर उंच आणि 45 रुंद. दोन्ही बाजूंना ऑइलपेंटचा हात द्या. एकाच बाजूला दिला तर ओल्या लगद्याने प्लाय वाकतं. प्रमाण 1 सेंटिमीटर म्हणजे 10 किलोमीटर. उत्तर-दक्षिण मोजलं तर सुरत ते मुंबई सुमारे 25 सेंटिमीटर, मुंबई ते राजापूर पुन्हा 25, राजापूर ते वेंगुर्ला 9 आणि तिथून पणजी 4. उजवीकडे विजापूरही बसतं. ते वगळू नका, दक्षिण कोकणच्या बंदरांवर तेव्हा आदिलशाहीचा अंमल होता.

उंचीसाठी 3 मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा घ्या आणि एक थर 150 मीटरचा धरा. गुजरातचा किनारा आणि कोकणातल्या खाड्या शून्य थर. रत्नागिरी-राजापूरकडचे जांभ्याचे सडे 1 थर. कोल्हापूर आणि पुढचं पठार 4 थर. सह्याद्रीचा माथा 6 थर, महाबळेश्वर 9. या हिशोबात उंची आडव्या प्रमाणाच्या 20 पट झाली आहे. ते कोपऱ्यात लिहायला लावा, नाहीतर मुलांना सह्याद्री हिमालयाएवढा वाटतो.

बहुतेक नकाशे बिघडतात ते एकाच जागी. मुलं सह्याद्रीची भिंत उभी करतात आणि तिच्या दोन्ही बाजूंना सपाट जमीन सारख्याच पातळीवर ठेवतात. पूर्वेकडे पठार उंचच राहतं, उतरतं ते पश्चिमेला. आधी पठाराचे चार थर संपूर्ण चिकटवा, मग त्यांच्या पश्चिम कडेवर माथ्याच्या पट्ट्या लावा.

लगद्यासाठी वर्तमानपत्राचे 6 मोठे कागद फाडून रात्रभर भिजवा, सकाळी कुस्करून घट्ट पिळा. दोन वाट्या पिळलेल्या लगद्याला पाव वाटी मैद्याची शिजवलेली खळ आणि 3 मोठे चमचे फेव्हिकॉल. उन्हाळ्यात खळ अर्धी वाटी चालते, पावसात तीच बुरशीला खाद्य होते, म्हणून कमी. थर 3 ते 4 मिलिमीटरचाच द्या आणि पंख्याखाली तीन दिवस आडवा ठेवा. उभा केलात तर लगदा घसरतो.

वाळल्यावर घाटांच्या जागी माथ्याला कटरने खाच पाडा. कटर मोठ्यांनीच हातात घ्यावा. अनुस्कुरा, फोंडा, आंबोली या खाचांतून सुतळी बंदरापर्यंत न्या, मग तापीच्या खोऱ्यातून एक सुतळी सरळ आत सरकवा. सुरतेच्या सुतळीला चढावंच लागत नाही, हे मुलांच्या बोटांनाच कळतं.

प्रश्न : आमच्या भागातल्या मुलांना हे सगळं लांबचं वाटतं. कोल्हापूरशी जोडणारं काही आहे का? (शिक्षक, शाहूवाडी)

सर, तुमच्या तालुक्यातूनच वाट जाते. अनुस्कुरा घाट उतरला की राजापूर. अर्जुना नदीच्या खाडीवरचं ते बंदर, खाडीच्या मुखाशी जैतापूर. पठारावरचा माल ओझ्याच्या बैलांवरून घाट उतरून तिथे जात असे. सतराव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजांनी राजापूरला वखार घातली.

पुढचा प्रसंग पन्हाळ्यावरच उभं राहून सांगता येतो, कोल्हापूरपासून 20 किलोमीटर. 1660 मध्ये सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला, तेव्हा राजापूरचा वखारवाला हेन्री रेव्हिंग्टन आणि त्याचे साथीदार तोफ आणि गोळे घेऊन आले आणि इंग्रजांचं निशाण लावून गडावर मारा केला. जुलैत शिवाजी महाराज विशाळगडाकडे निसटले. 1661 मध्ये त्यांनी राजापूरवर चाल केली, वखार लुटली आणि रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैद केलं. त्यांची सुटका 1663 मध्ये झाली. मुलांना विचारा, व्यापाऱ्याकडे तोफ कशासाठी? व्यापारी आणि सैनिक यांच्यातली रेघ पुसट होती, हे दाखवणारा याहून जवळचा दाखला या जिल्ह्यात नाही. आमचं स्पष्ट मत आहे की पावनखिंड शिकवताना ही बाजू वगळू नये.

सहलीची सोय असेल तर आंबोली उतरून वेंगुर्ल्याला जा. तिथल्या डच वखारीचे अवशेष अजून उभे आहेत. डच तिथे 1637 मध्ये आले. नकाशावर वेंगुर्ला आणि गोवा यांतलं 4 सेंटिमीटरचं अंतर दाखवा आणि पोर्तुगीजांशी वैर असलेल्यांना एवढ्या जवळ जागा का हवी होती, ते मुलांनाच शोधू द्या. गोव्याची कोंडी करणाऱ्या डच जहाजांना रसद मिळे ती इथूनच.

आणखी दोन गोष्टी. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. तिच्या मुखाच्या परिसरात मछलीपट्टणम, जिथे इंग्रजांनी 1611 मध्ये वखार घातली. आपलं पाणी पूर्वेला जातं, म्हणून पश्चिमेच्या बंदराला माल बैलावरूनच न्यावा लागे. दुसरं, टाऊन हॉल संग्रहालयातली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती दाखवा. ती ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडली. वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला आला त्याच्या हजारभर वर्षं आधीपासून पश्चिमेचा माल कोल्हापुरात येत होता. "युरोपशी व्यापार वास्को द गामाने सुरू केला" हे वाक्य त्यानंतर वहीत येणार नाही.

प्रश्न : मुलीच्या शाळेने अमेरिकेतल्या इंग्रजांच्या 13 वसाहतींचा प्रकल्प दिला आहे. आम्हाला स्वतःलाच फार माहिती नाही. (पालक, इचलकरंजी)

आधी तीन पट्टे रंगवा. उत्तरेला न्यू इंग्लंड : मॅसेच्युसेट्स, न्यू हॅम्पशायर, ऱ्होड आयलंड, कनेक्टिकट. मध्ये न्यूयॉर्क, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, डेलावेअर. दक्षिणेला मेरीलँड, व्हर्जिनिया, दोन कॅरोलिना आणि जॉर्जिया, जिची सनद थेट 1732 ची. उत्तरेला खडकाळ जमीन आणि लांब हिवाळा, म्हणून मासेमारी, लाकूड, जहाजबांधणी. मध्ये गहू. दक्षिणेला उबदार सपाटी, म्हणून तंबाखू आणि भात. दोन चुका टाळा. जेम्सटाउन हे व्हर्जिनियातलं गाव, वेगळी वसाहत नव्हे. आणि प्लिमथ तेरांत मोजायचं नाही, ते 1691 मध्ये मॅसेच्युसेट्समध्ये विलीन झालं.

जेम्सटाउनला वरचे चार प्रश्न लावून बघा. 1607 मध्ये 104 पुरुष आणि मुलगे तिथे उतरले. नदीकाठाशी पाणी इतकं खोल की जहाज झाडाला बांधता येई, आणि समुद्रापासून आत असल्याने स्पॅनिश हल्ल्याची भीती कमी. जहाजासाठी जागा उत्तम, माणसांसाठी वाईट. दलदल, मचूळ पाणी, रोगराई. 1609-10 च्या हिवाळ्यातल्या उपासमारीनंतर तिथे सुमारे 60 जण उरले. मुलीने "जहाजाला 2, पिण्याच्या पाण्याला 0" असं लिहिलं तर तिला धडा समजला.

"मोकळी जमीन होती" असं मात्र लिहू देऊ नका. जेम्सटाउनच्या आसपास पॉव्हाटन या तिथल्या मूळ लोकांची गावं होती. प्लिमथ ज्या जागी 1620 मध्ये वसलं तिथे वाम्पानोआग लोकांचं पटुक्सेट गाव होतं, साथीने नुकतंच ओस पडलेलं. 1619 मध्ये व्हर्जिनियात बंदी करून आणलेले आफ्रिकी लोक उतरवले गेले, तेही प्रकल्पात हवं. तंबाखूच्या मळ्यांचा पुढचा हिशोब त्यांच्या श्रमाशिवाय लागत नाही.

आपल्याकडच्या वखारींशी तुलना करताना मुख्य फरक एवढाच ठेवा : सुरतेला मूठभर इंग्रज मुघलांच्या परवानगीने राहत, व्हर्जिनियात कुटुंबं शेतजमीन बळकावून कायमची वसली. गोवा या दोन्हींपेक्षा वेगळं, ते 1510 मध्ये जिंकूनच घेतलेलं.

एक कालपट्टीही करा : 50 सेंटिमीटर लांब, 1600 ते 1700, 1 सेंटिमीटरला 2 वर्षं. वर अमेरिका, खाली आपण. 1607 जेम्सटाउन, खाली 1608 हॉकिन्स सुरतेला. वर 1630 बोस्टन, खाली शिवाजी महाराजांचा जन्म. वर 1664, डचांचं न्यू ॲमस्टरडॅम इंग्रजांनी घेतलं आणि ते न्यूयॉर्क झालं. खाली त्याच वर्षी महाराजांची सुरतेवर स्वारी.

प्रश्न : नात विचारते, सुरतेहून पत्र लिहिलं तर लंडनहून उत्तर किती दिवसांनी यायचं? (आजोबा, कागल)

वाऱ्याची चकती करा. पुठ्ठ्याचं 20 सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ, त्याचे 12 भाग, प्रत्येक भागावर एक महिना. जून ते सप्टेंबर निळा, नैर्ऋत्य मोसमी वारा, पश्चिम किनाऱ्याची बंदरं बंद. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पिवळा, ईशान्येचा वारा, परतीची जहाजं निघण्याचा काळ. मध्ये टाचणी लावून पुठ्ठ्याचा बाण फिरता ठेवा.

आता नातीलाच मोजू द्या. पत्र ऑक्टोबरात लिहिलं, पण जहाज निघणार साधारण जानेवारीत. सुएझचा कालवा 1869 चा, म्हणून वाट आफ्रिकेला वळसा घालून, सहा ते आठ महिने. लंडनला पोहोचेपर्यंत जुलै-ऑगस्ट. तिकडून भारताची जहाजं सुटत ती पुढच्या वर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला, म्हणजे पावसाळा ओसरताना ती सुरतेला पोहोचावीत. उत्तर हातात पडेपर्यंत बाण दोनदा पूर्ण फिरलेला असेल.